शेरा

किलोमीटर बेचाळीस. आयसेनचा रस्ता.
डावीकडे समुद्राची चिंचोळी खाडी,
उजवीकडे डोंगर, अंगावर आल्यासारखा.
उताराचा कोन एक्केचाळीस अंश.
भेगेच्या दोन काठांवर ठोकलेल्या खुंट्यांत
मार्चमध्ये वीतभर अंतर होतं.
आज वीत आणि चार बोटं.

फितीचं दुसरं टोक रोसामेलकडे.
तीस वर्षं तो याच रस्त्यावर
पडलेले दगड चुकार गुरांसारखे
कडेला हाकतोय.
"झाडं बघ," म्हणतो,
"बुंध्यात वाकून मग सरळ झालीत.
आधी जमीन सरकली,
मग यांनी मान सावरली."
मी लिहून घेते: उतार संथपणे सरकतो आहे.

फॉर्मवर रकाने पाच:
माती, पाणी, उतार, जुन्या पडझडी,
आणि खाली कोण राहतं.

खाली दोरालिसा राहते.
पत्र्याच्या टपरीत पाव भाजते,
नाल्काच्या छत्रीएवढ्या पानाखाली
तिचं मांजर पाऊस चुकवतं.
धोका किती, हे तिनं विचारलंच नाही.
ओढ्याबद्दल बोलली.
गढूळ झाला तर ती जागी राहते,
गप्प झाला
तर पोरांना उचलून पळते.
दोनदा पळाली आहे.
दुसऱ्यांदा भट्टीत पाव होते, म्हणाली,
आणि हसली.

पाचव्या रकान्यात मी लिहिलं: एक घर, चार माणसं.
एकूण धोका: अति.
शेऱ्याची ओळ बराच वेळ कोरी होती,
मग लिहिलं, ओढा वाहतोय.

परतताना
एवढ्या पावसातही रोसामेलनं
गाडीची काच खालीच ठेवली.
माझी बाही भिजली. मी काही बोलले नाही.