छाट

अक्कलकोट रोड एमआयडीसी, गाळा साठ-बी.
खाली माग, वर ऑफिस.
मागांच्या दणक्यानं टेबलावरचा चहा
कपातल्या कपात थरथरत असतो
आणि मी दर शुक्रवारी
टॉवेलची जाहिरात ईमेलवर धाडते.

यादीत नावं चार हजार दोनशे बारा.
एक रिपोर्ट म्हणतो, माणसं तीन हजार नऊशे एक.
दुसरा म्हणतो, उघडून पाहिलं
चार हजार तीनशे सत्याहत्तर जणांनी.

नागनाथ मालक चष्मा कपाळावर चढवतात.
"धाडल्यापेक्षा उघडलेली जास्त?
वाटेत वीतात काय गं पत्रं?"
त्यांना काउंट कळतो, सुताचा.
वीसचा की दुहेरी वीसचा,
चिमटीत धागा चोळून, डोळे मिटून सांगतात.
हा काउंट चिमटीत येत नाही.

म्हणून मी यादी उसवायला घेतली.

दुकानात काउंटरवर इरण्णा.
बिल करताना मशीन ईमेल मागतं,
रकाना रिकामा ठेवला तर पुढं सरकत नाही.
गिऱ्हाइकाच्या काखेत पिशवी, बाहेर रिक्षा थांबलेली.
"तसलं काय नाही बाबा आमच्याकडं."
मग इरण्णा ठोकून देतो :
एक दोन तीन ॲट टपाल डॉट कॉम.
भागुबाई लेंगरे, मंगळवेढा, दोन नग : एक दोन तीन.
यल्लप्पा म्हेत्रे, लॉजवाले, बारा डझन : एक दोन तीन.
दवाखान्यातली कुणी, घाईत होती,
नावाच्या जागी नुसतं 'सिस्टर' : एक दोन तीन.
"काय करू मॅडम," फोनवर म्हणाला,
"माणसाला नाही म्हणता येतंय. मशीनला येत नाही."

घरी आई विड्या वळते.
ती तेलुगूत मोजते, चेकर मराठीत.
तिच्या सुपातून हजार निघतात,
त्याच्या वहीत नऊशे वीस पोचतात.
ही सैल, ही बारकी, हिचं पान फाटकं. छाट.
लहानपणी मी विचारलं होतं,
छाटलेल्या विड्यांचं पुढं काय होतं?
दोरा दातानं तोडत ती म्हणाली,
"कोणतरी ओढतंयच की."

सोमवारी सकाळी उत्तर आलं.
एक दोन तीनकडून.

मी तर त्या पत्त्यावर कुणी राहतं
असं धरलंच नव्हतं.

'मॅडम, हा पत्ता माझा आहे.
दर शुक्रवारी तुमची तीनशे बारा पत्रं येतात.
प्रिय भागुबाई. प्रिय यल्लप्पा. प्रिय सिस्टर.
आधी चिडलो. मग वाचू लागलो.
दुपार जाते.
एका भागुबाईंना तुम्ही तीनदा आठवण केली,
त्या फिरकल्या नाहीत वाटतं.
तब्येत बरी आहे ना त्यांची?
तेवढं कळवा.'

मी कॅल्क्युलेटर घेतला.
चार हजार दोनशे बारातून तीन हजार नऊशे एक गेले,
राहिले तीनशे अकरा.
त्यात तो स्वतः एक.
तीनशे बारा.
सबंध महिन्यात जुळलेला हा एकच हिशोब,
आणि तो करणारा
आमच्याकडून कधी हातरुमालही न घेतलेला.

मालकांना सांगितलं, आकडा सापडला.
ते म्हणाले, "मग छाटा की."
छाटले. तीनशे अकरा.
भागुबाई गेल्या, यल्लप्पा गेले, सिस्टर गेली.
एक ओळ राहू दिली.

खाली पाळी सुटली, माग थांबले,
चहा एकदाचा स्थिर झाला.
पत्ता लिहिला. सेव्ह दाबलं.

त्यानं पत्राखाली नाव घातलंच नव्हतं.

मशीन म्हणतंय,
रकाना रिकामा आहे.