अर्धा तास, दोन माणसं

धुंडिराजकाका गुडघ्यासाठी आले होते.
सात पिढ्या दुर्गाघाटाला, आणि ही आठवी
वर्तकनगरच्या डॉक्टरसमोर
एक्स-रे उजेडाला धरून बसलेली.
तारीख मिळाली सोमवारची.
म्हणाले, "तोवर तुझं गाव दाखव."

गाव?
बावीस वर्षं राहते मी ठाण्यात.
घोडबंदरचे सिग्नल पाठ आहेत,
आणि कोणता वाणी उधार देतो ते.

त्यांनी मला काशी दाखवली होती
माझ्या तेविसाव्या वर्षी.
मी पुढे, गळ्यात कॅमेरा,
ते मागे, हातात माझ्या चपला,
दर देवळाबाहेर उभे.
"मी कितीदा जाऊ आत? ओळखतो तो मला."
मणिकर्णिकेवर मी कॅमेरा उचलला
तेव्हा त्यांनी काही न बोलता
लेन्ससमोर तळहात धरला.
तो फोटो आहे अजून:
हाताच्या रेषा,
आणि बोटांच्या फटीतून नारिंगी.

तर आता कौपीनेश्वराबाहेर मी,
हातात त्यांच्या चपला. डावी जास्त झिजलेली.
त्यांना वेळ लागला.
बाहेर आले ते खुशीत. "धष्टपुष्ट आहेत हो तुमचे!
आमचे एवढेसे,"
शेजारच्या पोराची उंची सांगावी
तसा हात धरून.

"हे तळं कुणी खोदलं?"
मला माहीत नव्हतं.
"पाणी कुठून येतं?"
तेही नाही.
शेंगदाणेवालाच म्हणाला, राजे होते शिलाहार,
साठ तळी होती गावात,
त्यातल्या एकावर माझ्या भावाची रिक्षा उभी असते.
पुडी बांधली. दहा रुपये.

रविवारी उपवनला नेलं.
तिथे काशीसारखा घाट बांधलाय,
वाटलं, बरं वाटेल त्यांना.
ते वरच्याच पायरीवर थबकले,
परक्याच्या तोंडून
आईचं माहेरचं नाव ऐकावं तसे.
मग काठी टेकत, मोजत, उतरले.
"मुडदा कुठून आणतात?"
सेल्फी काढणारी मुलगी वळून बघायला लागली.
"नाही आणत, काका."
"राख?"
"नाही."
बराच वेळ पाण्याकडे पाहिलं त्यांनी.
मग कौतुकानं, खरंच कौतुकानं,
"छान आहे. इथे कुणी रडत नाही."

सवयीनं वाकले, ओंजळ भरली,
तोच शिट्टी.
"ओ बाबा! पाण्यात हात नाही घालायचा."
सत्तर वर्षं पहाटे चारला
गंगेत उतरणारा माणूस
ओंजळ सोडून वॉचमनला म्हणाला,
"माफ करा. नवीन आहे मी इथे."

परतताना तलावपाळीला त्यांनी हट्ट धरला बोटीचा.
प्लास्टिकची, चोच रंगवलेली;
हंस म्हणे, पण बदकच.
गुडघ्यामुळे दोन्हीकडचं पायडल मीच मारत होते,
ते मानेला धरून ताठ,
जन्मभर नावाड्यांशी हुज्जत घातलेले.
"डावीकडे घे. अगं, वारा बघ, वारा!"
देवळाची घंटा, बसचा हॉर्न,
पाणीपुरीवाल्याची पळी,
पाण्यावरून सगळं एकाच उंचीचं ऐकू येत होतं.
इतक्या वर्षांत मी काठच वापरला होता.

काठावरून कुणीतरी आमचा फोटो काढत होतं.
मी तळहात वर केला,
आणि काय करावं ते न कळून
हलवला.

ठाण्याची आठवण म्हणून द्यायला
दुकानात काही मिळत नाही. मी फिरले तीन दुकानं.
"हेच ठेवतो," म्हणाले, आणि तिकिटाची घडी
एक्स-रेच्या पाकिटात सरकवली.
बोट क्रमांक अकरा. अर्धा तास. दोन माणसं.

सोमवारी नर्सनं पाकीट उलटं केलं.
आधी गुडघा बाहेर आला,
मागोमाग ते.
"हे लागणार आहे का?"
तिनं विचारलं.