सहावी नळी

रात्रभर वीज नव्हती टिळकवाडीत.
सकाळी फ्रीजखाली थारोळं
आणि सहा नळ्यांवरची नावं
निळ्या पाण्यात उतरलेली.
हुद्दार मॅडम म्हणाल्या, आधी फरशी पुसा.
मग म्हणाल्या, नाव गेलं तर गेलं,
वागणं कुठं जातंय?

वरच्या रांगेतल्या तिघींना मेथिओनिन बनवता येत नाही,
खालच्या तिघी थ्रिओनिनवाचून अडतात.
उपाशी आगरवर एकटी कुणीच जगत नाही.
वरची खालचीला भेटली,
धागा इकडून तिकडं गेला,
तरच ठिपका.

महादेवी मिसळत होती, मी मोजत होतो.
होय, मुलगीच आहे मी.
आमच्या जांबोटीकडं मुली
येतो, जातो, मोजतोच म्हणतात.
गेल्या वर्षी बाहेरचे परीक्षक
तोंडीत यावरच हसले,
उत्तर ऐकायचं राहिलं.

पहिली आणि चौथी : शेकड्यांनी,
सुईला जागा नाही.
दुसरी आणि चौथी : सात.
परत मोजले. सातच.
तिसरी आणि चौथी : काही नाही.
पहिली आणि पाचवी : काही नाही.

दोन्ही शून्यं सारखीच दिसतात की, महादेवी म्हणाली.
मॅडमनी दोन्ही ताटल्या उजेडाला धरल्या,
यार कोट्रु? यार तगोंड्रु?
कुणी दिलं, कुणी घेतलं, ते विचारा.
मग तिसरी आणि पाचवीत पाच ठिपके आले
आणि शून्य दुभंगलं :
एकात देणारंच कुणी नव्हतं,
दुसऱ्यात दोघीही देणाऱ्या,
घ्यायला हात रिकामा नाही.

मॅडमच्या जुन्या पुस्तकात
देणारा नर, घेणारी मादी.
समासात त्यांनी कधीतरी पेन्सिलीनं
एक प्रश्नचिन्ह काढलंय.
कारण सात ठिपक्यांच्या भेटीतून परतलेली चौथी
दुसऱ्या दिवशी स्वतःच देऊ लागली.
आणि जिला पहिलीकडून इतकं मिळालं,
ती घेणारीच राहिली.
देण्याचा गुण दोरीच्या अगदी शेवटी असतो म्हणे,
पुरे शंभर मिनिटं लागतात ओढायला,
आणि दोरी त्याआधीच तुटते.
आमच्या मिक्सरनं तर ती मुद्दाम तोडली,
चटणीचाच मिक्सर, धुऊन आणलेला.

नवीन लेबलं लिहिली.
महादेवीनं कन्नड आकडे घातले,
मी देवनागरी.
दोन-तीन सारखेच निघाले, तेवढ्यावर वाद झाला.

खानापूरची बस लागली होती.
येतो गं, मी म्हणालो.
बर्तीनि, ती म्हणाली.
तिच्या भाषेत मुलगा म्हणो, मुलगी म्हणो,
'बर्तीनि' एकच.
बस उद्यमबाग ओलांडेपर्यंत
मॅडमचा प्रश्न डोक्यात घोळत राहिला,
ह्या माझ्या 'येतो'साठीच.
यार कोट्रु?

सहावीला अजून कुणाशी भेटवलेलं नाही.
तिच्यावर चिकटपट्टी लावलीय,
कोरी.