झारेकरीण

सराफ बाजाराची शटरं खाली आली
की मेहमूदा कुंचा घेऊन निघते, दहीपुलापर्यंत :
पायऱ्या, फरशीच्या फटी, गटाराची कड.
दिवसभर कानशी चालल्या,
त्यातलं काहीतरी इथंच पडलंय.

तिच्या नफीसाला मी दहावीचं विज्ञान शिकवते.
काल तिनं विचारलं,
वर कुणीच नसतं ना,
मग तारा पेटवतं कोण?

आधी थंडी लागते, मी म्हटलं.
एवढी, की वायूचे कण हुंदडायला कंटाळतात.
मग एखादी जरा दाट जागा शेजारच्याला ओढते,
तो त्याच्या शेजारच्याला,
असं लाखो वर्षं...
नफीसाचं लक्ष नव्हतं. ती आईकडे बघत होती.

गोदेच्या पायरीवर मेहमूदा
पाटीत पाणी फिरवत होती.
गोल, गोल. हलकं काठावरून बाहेर,
जड मधोमध.
पौषाच्या गारठ्यात बोटं निळी.
"हे आपल्याच वजनानं बसतं, बाई.
मी फक्त घाई करत नाही."

बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक पुसट डाग आहे.
मी नफीसाला तो दाखवला.
तिथं अजून केर गोळा होतोय,
आतल्या आत कोसळतोय, तापतोय.
काही पेटलेत,
पण त्यांचा उजेड अजून धुळीबाहेर आलेला नाही.

पहाटे मुशीतून निघालं
मुगाच्या डाळीएवढं.
उरलेला गाळ मेहमूदानं फेकला नाही,
डब्यात भरला.
"ह्यातपण असतं काहीतरी."

नफीसानं डब्यात बोट बुडवलं
आणि बराच वेळ
पुसलं नाही.