हातचा

सात आणि आठ, पंधरा.
पाच लिहायचे, हातचा एक.
इथे हातचा धरत नाहीत.
पंधराचे पाच, दहाचं शून्य.
ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं,
मग तो एक जातो कुठे?
इओंग मास्तर हसले. म्हणाले, वाय-लेंग,
तुझा पगार त्यातूनच होणार आहे.

त्याला बावीस वर्षं झाली.
मकाव समुद्रात भर घालून रुंद झालं,
माझं टेबल तेवढंच राहिलं.
फक्त वर सोनेरी अक्षरांची पाटी आली:
कमिशन नाही.

पूर्वी बँकरवर जिंकलात की शंभराला पाच कापायचे मी.
लोक कुरकुरायचे, माझ्याच जिंकण्यावर कर?
पण जायचं ते डोळ्यांदेखत जायचं,
नखाएवढ्या चिपांनी.
आता शंभराला शंभर देते.
सुटे मोजणं नाही, म्हणून तासाला दहाएक डाव जास्त.
फक्त, बँकर सहावर जिंकला तर निम्मे.
त्या 'फक्त'वर
एवढं मोठं झुंबर टांगलं आहे.

मंगळवारी रात्री तीननंतर कुआन मुई-हो येते.
आतल्या बंदरात तिचं खारवलेल्या माशांचं दुकान.
तिने हाताळलेल्या पत्त्यांना वास राहतो,
पण ते पत्ते तसेही फेकायचेच असतात.
दोन हजार, बँकरवर.
प्लेअरचे पाच झाले.
बँकरकडे राजा आणि राणी, म्हणजे काहीच नाही.
तिसरा पत्ता तिने कडेने सोलला,
शिजलेल्या माशाची कातडी सोलावी तसा.
कडेला तीन ठिपके.
सहा, सात किंवा आठ. तिन्हींत जीत तिचीच.
तरी मागची गर्दी ओरडत होती, तिंग! तिंग!
ढकल, पोटात एक ठिपका ढकल!
तिने अंगठा आणखी सरकवला.
पोट रिकामं.

सहा.
टाळ्या झाल्या. जिंकलीच होती ना.
मी दोन हजारांसमोर एक हजार सरकवले.
तिने त्या चिपांकडे पाहिलं, मग माझ्या करंगळीकडे.
काट्यावर करंगळी ठेवणारीलाच
दुसऱ्याची करंगळी दिसते.

पहाटेची बस पुलावर आली
तेव्हा धुरकट काचेवर बोटाने मांडलं.
शंभराचे हजार डाव.
बँकर जिंकतो साधारण चारशे एकोणसाठ वेळा,
पाचाच्या दराने दोन हजार दोनशे पंच्याण्णव.
सहावर जिंकतो साधारण चोपन्न वेळा,
पन्नासाच्या दराने दोन हजार सातशे.
वजा करायला शेजारच्या घरातून उसना घ्यावा लागला.
चारशे पाच.
शंभरामागे घर पूर्वी खायचं एक डॉलर सहा सेंट,
आता एक डॉलर शेहेचाळीस.
प्लेअरचं एक चोवीस होतं, तेवढंच आहे,
म्हणजे आता तोच स्वस्त.
लोकांच्या तोंडी मात्र जुनंच: बँकरवर ठेव, बँकरवर.
म्हणतात, कुठेतरी एक टेबल आहे,
तिथे बँकरचं तीन पत्त्यांचं सात आलं
तर पैसे जागच्या जागी राहतात, एवढंच,
आणि घर जुन्यापेक्षाही थोडं कमी जेवतं.
असेल. आमच्या हॉलमध्ये नाही.

बस उतारावर वळली,
काचेवरचे आकडे ओघळून एकमेकांत गेले.

पुढच्या मंगळवारी ती आली. बँकरवरच ठेवले.
मी विचारलं नव्हतं, विचारायची परवानगीही नाही.
तीच म्हणाली,
रोज पाच-पाच टोचून घेण्यापेक्षा
एखाद्या दिवशी पाय मोडलेला बरा.
मधले दिवस चालता तरी येतं.

मी पत्ते वाटले.
नऊ आणि चार. तीन, मी मोठ्याने म्हटलं.

पाळी संपली.
नियमाप्रमाणे टेबलावर दोन्ही तळवे
उलटे केले, सुलटे केले,
वरच्या कॅमेऱ्याला दाखवले:
हातचं काही नाही.