होनगेकर डीटीपीचा लॅपटॉप

खडेबाजारातलं होनगेकर डीटीपी बंद झालं तेव्हा
सात हजारांत मी हा लॅपटॉप घेतला.
कळांवर अजून कानडी अक्षरांचे स्टिकर,
काही उडालेले, काही बोटांनी घासून गुळगुळीत.
आठ वर्षं याच्यावर लग्नपत्रिका जुळल्या,
एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड,
मामाचं नाव दोन्हीकडे चुकलेलं.
आत अजून एक फोल्डर आहे,
‘प्रूफ फायनल खरंच फायनल’.
मी ते पुसलेलं नाही.

मला अक्षरं नको होती, जागा हवी होती.
एकेका कळीखाली एकेक आवाज पुरला.
कानडी ‘क’खाली शंकरेप्पांचा पॉवरलूम,
वडगावचा, रात्री अकराचा,
धोटा उजवीकडे पोचताना किंचित लंगडणारा.
‘र’खाली लोंढ्याला सुटू पाहणारी मालगाडी,
डब्यामागून डबा आवळत जाणारा तो हिसका.
त्यासाठी दोन रात्री फलाटावर काढल्या.
हवालदाराने हटकलं, त्याच्याच कानाला हेडफोन लावला.
‘हे तर रोजचंच की,’ म्हणाला.
मग म्हणाला, ‘परत लाव.’

‘स’खाली संकेश्वरी मिरचीचे देठ खुडणारी गंगव्वा.
शिंक, शिंक, पदराची झटक, आणि
‘हौद्री, मग काय तर!’

ते वाक्य पडद्यावर ताणून पाहिलं,
डोंगरासारखं चढलेलं, उतरलेलं.
दोन तुकडे करायचे होते,
‘हौद्री’ एका कळीवर, ‘मग काय तर’ दुसरीवर.
कापायचं ते लाट शून्यावर येते तिथे,
नाही तर सांध्यात टक् वाजतं.
रात्री दोनपर्यंत शून्य शोधत होतो.
‘री’ची शेपटी ‘म’मध्ये
ओठ मिटेपर्यंत चालूच.
शेवटी अख्खं ठेवलं.

टिळकवाडीच्या हॉलमध्ये तेवीस माणसं,
त्यातले चार साउंडवाले.
निवेदक म्हणाला, ‘आता हे कॉम्प्युटर वाजवतील.’
आई पहिल्या रांगेत, सारखी दाराकडे बघत,
बाकीचे वादक कधी येतात म्हणून.
लॅपटॉपला खालून वारा लागावा
म्हणून कुंद्याच्या रिकाम्या डब्यावर ठेवलेला.
बफर कमी केला की आवाज फाटतो,
वाढवला की बोट आधी पोचतं
आणि आवाज मागून चपला शोधत येतो.
मी मधलं काहीतरी धरून बसलेलो.

लूम लावला. लूमवर गाडी सोडली.
नवव्या मिनिटाला पडदा गोठला.

हौ
हौ हौ
हौ हौ हौ हौ

‘क’ दाबा, हौ. ‘र’ दाबा, हौ.
स्पेसबार, हौ.
कानामागून घाम उतरला.
आणि लोकांना वाटलं, हीच ती जागा.
कुणीतरी ‘वा’ म्हणालं.
चौघे साउंडवाले पहिल्यांदाच मोबाइलमधून वर बघितले.
मी डोळे मिटून मान हलवली,
जणू चार महिने याचाच रियाज केला होता.

नंतर चहाच्या टेबलाशी शंकरेप्पा.
उजवा कान गेलेला, म्हणून डावा पुढे करून.
‘तो लूम माझा.’
होय म्हटलं.
‘लंगडायचा. पट्टा सैल होता. परवा बदलला.’
बशीतला चहा संपवून निघाले.
आता ते लंगडणं जगात कुठेच नाही,
फक्त एका झिजल्या स्टिकरखाली.

सोमवारी गंगव्वाकडे गेलो,
हात न धुताच तिने हेडफोन घातला.
चार मिनिटं ऐकलं, काढून ठेवला.
‘एकदा हौद्री म्हटलं तर कळंना व्हय रे तुला?’

तेव्हापासून मिक्सिंगला बसलो
की दोन्ही कान चुरचुरतात.