कोण कोणाकडे गेलं

बत्तीस वर्षं मी एवढंच लिहीत आले :
कोण कोणाकडे गेलं.
दर गुरुवारी, आमच्या चारपानी पत्रकाच्या मागच्या पानावर,
ट्रॅक्टरच्या टायरांच्या जाहिरातीखाली.
ओलेना हॉर्बेची बहीण विनिपेगहून आली, पाच दिवस राहिली.
स्वेन्सरूडांचा धाकटा डोळे दाखवायला सास्काटूनला जाऊन आला.
असलंच काहीबाही.
शहरातली माणसं हसतात.
पण या माळावर बातमी म्हणजे
एकाच्या दारात उभी राहिलेली दुसऱ्याची गाडी.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात
कोणीच कोणाकडे गेलं नाही.
बर्फ अजून कमरेएवढा, कर्लिंगच्या हॉलला कुलूप,
को-ऑपमधलं कॉफीचं टेबल उलटं करून ठेवलेलं,
पाय वर, मेलेल्या ढोरासारखं.
मी लिहिलं : या आठवड्यात
आणि पेनचं टोपण चावत बसले.

फोन वाजला. डॅग्नी.
‘छापू नकोस,’ म्हणाली, ‘पण माझ्या पायरीवर
कोणीतरी अठ्ठेचाळीस पिरोगी ठेवून गेलंय.
बटाट्याचे. अजून गरम आहेत.’
गरम म्हणजे जवळचंच कोणी.
उणे बावीसात लांबून आलेलं काही गरम राहत नाही.

मग मी चालायला निघाले, रस्त्याच्या मधोमध,
आणि पावलं वाचायला लागले.
बर्फ काही लपवत नाही.
ही ओढलेली टाच म्हाताऱ्या गुन्नारची :
औषधांच्या दुकानापासून तीन दारांपर्यंत, आणि परत.
हे लहान बूट, उलटसुलट घातलेले,
ग्रंथपालबाईंच्या खिडकीखाली थांबलेले;
काचेला आतून चिकटवलेलं पुस्तकाचं एक पान,
रोज एकच.

मॉरिस नाइटट्रॅव्हलर शाळेची बस अजून चालवतो,
रिकामी, त्याच वाटेनं, त्याच वेळेला.
सीटवर गृहपाठाचे गठ्ठे, कोणाचं इन्सुलिन, कोणाचं पीठ.
प्रत्येक फाटकाशी हॉर्न दोनदा.
पायजम्यातली पोरं खिडकीशी येतात,
हजेरी दिल्यासारखा हात वर करतात.

आता अँब्रोज वासिलिकचं.
तो आणि लॉइड फेल्डस्टॅड
रस्त्याखालच्या एका मोरीवरून
अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.
फिलोमेनाला शहरात नेलं, अँब्रोजला दाराशीच थांबवलं.
तो घरी आला, फोनजवळ खुर्ची ओढून बसला.
रोज पहाटे सहाच्या आत
त्याची वाट साफ झालेली असे, फाटकापासून पायरीपर्यंत.
बर्फाचं ते यंत्र त्यानं ओळखलं.
त्याचा खोकला साऱ्या गावाला पाठ आहे.
बाहेर मात्र तो आला नाही.

दफनाला दहाच जणांना परवानगी.
बाकीचे गाड्यांतच बसून राहिले, कब्रस्तानच्या कुंपणालगत,
भर दुपारी दिवे लावून, इंजिन चालू, काचा बंद.
मी मोजल्या. सवय आहे.
सगळ्यात शेवटी लॉइडची, एकाच दिव्याची.

त्या गुरुवारी मी लिहिलं :
‘फिलोमेना वासिलिककडे एकसष्ट गाड्या गेल्या.
आत कोणी गेलं नाही.’

एप्रिलअखेर बर्फ सुटला, पाणी धावत आलं,
तेव्हा मोरी दोन्ही तोंडांनी मोकळी होती.
कोणी केली, मला माहीत आहे.
भांडण मिटलं असं काही मी लिहिणार नाही.
लॉइड अजून मान फिरवूनच जातो,
फक्त आता जरा हळू.

आणि हो, माझ्या पायरीवरही एक बरणी होती.
लोणच्यातलं बीट, झाकणाला जुन्या फ्रॉकचं कापड, नाव नाही.
मी तेव्हा आठ दिवस तापात होते; हे कोणालाच सांगितलं नव्हतं.
पावलं रात्रीच्या बर्फानं बुजवलेली.
बरणी धुऊन ओट्यावर पालथी घातलीय.
कोणाची ते कळलं, की परत करायची.
रिकामी नाही अर्थात.